मंडपवाल्या काकांचं शीड

काका रोज सकाळी वाऱ्याला शिव्या द्यायचे. कडुनिंबाची काडी तोंडात, टॉवेल खांद्यावर, गच्चीच्या कठड्याशी उभे, आणि एक बोट थुंकीनं ओलं करून वर धरलेलं. मग सुरू. "आला का रे भामट्या? आज देवरीकडून येऊन राहिला का? सालेकशाले लग्न आहे, हे तुले कोनं सांगतलं?" मी त्यांच्याकडे भाड्यानं राहायला आले त्याच्या दुसऱ्याच सकाळी हे ऐकलं. वाटलं, शेजाऱ्यांशी वाजलं असेल. खिडकीतून डोकावले तर पलीकडे नुसतं धानाचं शेत. मनात म्हटलं, घ्या! नोकरीचं पहिलं गाव आणि घरमालक हा असा.

मी नागपूरची. आमगावच्या सरकारी दवाखान्यात औषधं देण्याच्या खिडकीत मला बसवलं, ती दोन हजार पाच-सहाची गोष्ट. काकांचा धंदा मंडपाचा. खाली गोदाम, त्यात बांबू, बल्ल्या, कनाती, गाद्या आणि दोऱ्यांचे ढीग. गोदामामागे त्यांचं दोन खोल्यांचं घर. गोदामावर मी. घरात माणसं तीनच: काका, काकू आणि त्यांची नववीतली मुलगी करुणा. काकू कनाती शिवायच्या, फाटलेल्या सांधायच्या आणि काकांना ताळ्यावर ठेवायच्या. यातलं शेवटचं काम सगळ्यात जास्त वेळ खायचं.

काकांना मोकळं काही दिसलं की हात शिवशिवायचे. माझी सायकल ते नळाला बांधून ठेवत. दुधाच्या कॅनचं झाकण कॅनला बांधलेलं, कंगवा आरशाला बांधलेला, भिंतीवरची बुद्धाची तसबीरसुद्धा खिळ्यावर नाही, वाशाला दोरीनं बांधलेली. मी एकदा चिडून म्हटलं, "काका, सायकल सोडवायला मला रोज दहा मिनिटं लागतात!" तर म्हणाले, "चोराले वीस लागन, मॅडम."

माणसाची परीक्षाही ते गाठीवरून करत. शेजारच्या मुलीला पाहायला पाहुणे आले, तर काका भिंतीपलीकडून मुलाच्या बुटांकडे पाहत बसले. संध्याकाळी जाहीर केलं, "नाई जमनार. पोरगा दोन येळा नाडी बांधते अन् तरी सुटते." काकूंनी त्यांना गप्प केलं. लग्न झालं. नाही जमलं. मी काही म्हणत नाही, झालं ते सांगितलं.

आणि वारा हा त्यांचा जन्माचा वैरी. मंडपवाल्याला पाऊस परवडतो, वारा परवडत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून प्रत्येक कनातीला ते ओळीनं अर्ध्या चंद्रासारखे काप ठेवायचे, कडा दुमडून, नीट शिवून. वारा आला की त्या कापांतून निघून जातो आणि कनात जागेवर राहते. "हवेले रस्ता ठेवा लागते, मॅडम. नाई तं हवा आपला रस्ता करते." हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की मीही दवाखान्यात औषधांच्या खोक्यांना भोकं पाडायची बाकी राहिले होते.

मग ते उडाले.

खरंच उडाले. देवरीच्या अंगाला एका गावात मे महिन्याचं लग्न. पंगती उठल्या होत्या, नशीब. तेवढ्यात अंधड आलं, धुळीचं वादळ. कनाती टिकल्या, पण छताचं कापड नवं होतं, तयार विकत आणलेलं, त्याला काप नव्हते. ते फुगलं, खुंट्या उपसल्या आणि वर गेलं. हातातली दोरी सोडायची नाही हा काकांचा नेम. दोरी गेली, तिच्यासोबत काका गेले. किती लांब गेले ते काही नक्की नाही. पहिल्या आठवड्यात ते विहिरीपर्यंत गेले होते, दिवाळीपर्यंत धानाच्या तीन बांध्या, म्हणजे बांध घातलेले तीन वाफे, ओलांडून पलीकडच्या मोहाच्या झाडापर्यंत. मजूर म्हणायचे, बैलगाडीच्या लांबीएवढं असेल जास्तीत जास्त.

कोपरं सोलून घरी आले आणि हसून राहिले होते. "काय ताकद आहे हो, मॅडम! बावीस वर्सं मी याले अडवून राहिलो. याच्या संगं गेलो असतो तं कोठच्या कोठं पोचलो असतो!"

दुसऱ्या दिवसापासून गच्चीवरच्या शिव्या बंद. काका नुसते उभे राहायचे, ओलं बोट वर करून, आणि मान डोलवायचे. चार दिवसांनी काकू दवाखान्यात माझ्या खिडकीशी येऊन उभ्या. आजूबाजूला पाहून हळूच म्हणाल्या, "मॅडम, डोक्यावर तं नसन ना पडले? आता शिव्याच देत नाई. काई गोळी आहे का, शिव्या द्याची?"

अशी गोळी सरकार देत नाही. दिली असती तरी उपयोग नव्हता, कारण त्याच सुमारास टीव्हीवर काकांना ते कुटुंब दिसलं. कुठलं तरी परदेशी जोडपं, दोन पोरं, आणि घर म्हणजे शिडाची नाव. बाई नावेतच भाजी चिरते, पोरगी नावेतच अभ्यास करते, दोरीवर चड्ड्या वाळतात आणि मागे निळंशार पाणी. काकांनी मला वरून हाक मारून बोलावलं. "पाहा. दोरी, कापड, लाकूड अन् हवा. हा तं आपलाच धंदा आहे! फक्त खाली पानी."

मी हसले. तिथंच चुकलं. हसणं म्हणजे होकार, असं ते धरत.

गोंदियाच्या बाजूनं तांदूळ घेऊन कोकणात जाणारा एक ड्रायव्हर त्यांच्या ओळखीचा होता. त्यानं खबर आणली, वेंगुर्ल्याकडे एका खाडीत जुना शिडाचा मचवा उभा आहे. मालक म्हातारा, त्याच्यानं आता होत नाही, पण मोडीत काढायला जीव होत नाही. कोणी त्यावर राहणारा मिळाला तर द्यायचा आहे. काका त्या ट्रकमधून गेले आणि आठवड्यानं आले. खिशात मचव्याचे फोटो, चपलेत वाळू. सगळे विचारतात, समुद्र कसा आहे? काका थोडा विचार करून सांगायचे, "मोठा आहे." यापुढे एक शब्द नाही. तीन बांध्यांची गोष्ट तासभर सांगणारा माणूस!

मग त्यांनी घरात सांगून टाकलं. गोदाम विकायचं, मंडपाचं सामान नेणारा आपला ट्रक विकायचा आणि तिघांनी मचव्यावर राहायला जायचं. उन्हाळ्यात तिथे येणाऱ्या पाहुण्यांना खाडीत फिरवायचं आणि पोट भरायचं. आमगावच्या बाजारात हसून हसून लोकांचे गाल दुखले. एक कापडाचा व्यापारी दुकानातून ओरडला, "क्यों भैया, अब मछली की शादी में मंडप लगाओगे क्या?" काका शांतपणे म्हणाले, "लगाएंगे. ऑर्डर देव."

करुणा एका क्षणात तयार झाली, कारण नावेत गणिताचे सर नसतात. अडलं ते काकूंपाशी. काकू दरेकशाच्या, डोंगरातल्या. घोट्याच्या वर पाणी त्यांनी कधी पाहिलेलं नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं, "आमच्याकडचं पानी डोंगरावून खाली जाते. आमी त्याच्या मांगं जात नाई."

काकांनी भांडण केलं नाही. मंडपाची जागा आखायला ती पांढरी फक्की असते ना, ती घेतली आणि गोदामाच्या फरशीवर मचव्याचा आकार काढला. फोटोवरून नाही, दोरीनं माप घेऊन आले होते, गाठी मारून. इकडे निमुळतं, तिकडे गोल, मध्ये एक चौकोन, ती खोली. म्हणाले, दिवाळीच्या सुट्टीत तिघांनी या रेघेच्या आत राहून पाहायचं. रेघेबाहेर पाय पडला तर तो माणूस बुडाला. त्यानं मेल्यासारखं पडून राहायचं, दुसऱ्यानं दोरी फेकून ओढून घेईपर्यंत.

बाप्पा, ते आठ-दहा दिवस मी विसरणार नाही. काकांना आंघोळीचा विसर पडला, कारण न्हाणी समुद्रात होती. दूधवाला दारातून आत आला की करुणा किंचाळायची, "दूधवाले काका, बुडाले तुमी!" तो बिचारा कॅन घेऊन तसाच उभा. मी पाणी भरायला खाली उतरले की रोज बुडत असे. काकूंचे हाल सगळ्यात जास्त, कारण चूल घरात आणि घर रेघेबाहेर. त्या सकाळपासून बुडायच्या. काका ओरडायचे, "बुडाली! करुनाची माय बुडाली! दोरी!" आणि काकू कढई हातात घेऊन म्हणायच्या, "मी दिवसभर मरून राहिली तं सयपाक कोन करन, तुमचा समुद्र?"

पण एक गोष्ट मी पाहिली. शेवटच्या दोन दिवसांत काकूंनी स्टोव्ह उचलला आणि रेघेच्या आत आणला.  काकांनी पाहिलं आणि दोरी घेऊन तो जागेवर बांधून टाकला. 

सुट्टी संपली तेव्हा काकूंनी आपली अट सांगितली. मला मुद्दाम वरून बोलावलं, साक्षीला. "मॅडम, तुमी आयका. गावाबाहेर तलाव आहे. यानं मले नावेत बसवाव अन् या काठावून त्या काठावर न्याव. वल्हं नाई, बांबू नाई, कोनी ढकलनार नाई. नुसत्या हवेनं. नेलं तं मी येते, जिथं म्हनन तिथं. नाई नेलं तं समुद्र हा शब्द या घरात काढाचा नाई. मंडपच बांधाचे, मरेपर्यंत. अन् एकच खेप. दुसरी नाई."

"पक्कं?" काका म्हणाले.

"पक्कं."

मला हसू येत होतं, पण काकांकडे पाहिलं आणि गेलं. त्यांनी लग्नसराईची कामं घेणं आधीच बंद केलं होतं. मचव्याच्या म्हाताऱ्याला शब्द दिला होता. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काही हवं होतं. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या लग्नाचे मंडप. मला त्या क्षणी त्यांच्याविषयी फार माया वाटली, खोटं कशाला बोलू.

तलावावर मासे धरणारे एक ढीवर मामा होते. त्यांनी दोन डोंगे दिले, लाकूड कोरून केलेल्या लहान होड्या. काकांनी ते शेजारी शेजारी ठेवून आडवे बांबू टाकून असे बांधले की हत्तीही बसला असता. मध्ये उभी बल्ली, तिला आडवा बांबू. शीड मात्र काकांनी कोणाला दाखवलं नाही. आठवडाभर गोदामाचं दार लावून एकटेच शिवत बसले. काकूंनाही आत जायला बंदी. "सरप्राइज आहे," म्हणायचे. दाराबाहेर मशीनचा आवाज आणि मधूनमधून त्यांची शीळ.

त्या रविवारी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, निम्मं आमगाव. एकानं भज्याची गाडीसुद्धा लावली. काकूंनी हट्ट धरला, मॅडम नावेत पायजे, औषधाचा डबा घेऊन. मला पोहता येत नाही, हे मी तीनदा सांगितलं. "मले तरी कुठं येते?" काकू म्हणाल्या. झालं, बसले. ढीवर मामांनी नारळ फोडला, काकूंनी डोळे मिटून त्रिसरण-पंचशील म्हटलं, करुणानं दोरी सोडली. काकूंनी तेवढी सूट दिली म्हणून आम्ही आधी मामांच्या मदतीनं काठापासून थोडे आत गेलो, मग मामा आपल्या तिसऱ्या डोंग्यात बाजूला झाले. काकांनी ओलं बोट वर धरलं. वारा मस्त होता, अगदी पलीकडच्या काठाकडे. "आला," ते म्हणाले, इतक्या प्रेमानं की मला कसंसंच झालं. आणि त्यांनी शीड वर ओढलं.

पांढरंशुभ्र, जाड कापड. फुगलं. नाव हलली! पाळीवर शिट्ट्या. दोन-चार हात गेलो असू, आणि मग आमच्या डोक्यावर फुर्र फुर्र असा आवाज सुरू झाला. नाव उभी राहिली.

आम्ही वर पाहिलं. करुणाला आधी कळलं.

"बाबा," ती म्हणाली, "तुमी याले काप काऊन ठेवले?"

शिडाला काप होते. ओळीनं, अर्ध्या चंद्रासारखे, कडा दुमडून सुरेख शिवलेले. वारा एका बाजूनं येत होता आणि आदबीनं त्या कापांतून पलीकडे निघून जात होता. त्याच्यासाठी रस्ता ठेवलेला होता ना! बावीस वर्षांची सवय. डोकं समुद्रात होतं, पण हातांना ते कोणी सांगितलंच नाही.

पाळीवरून कोणीतरी ओरडलं, "कनात मस्त झाली, भाऊ! आता पंगत बसवा!" आणि जो हशा उठला, तो पाण्यावरून आमच्यापर्यंत आला.

काकांनी शिडाकडे पाहिलं. आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. खाली बसले. त्यांचा चेहरा असा काही झाला की मी औषधाचा डबा उघडला आणि परत बंद केला. म्हणाले, "हारलो, करुनाची माय." आणि मामांना हात केला, या, ओढून न्या.

मामा डोंगा वळवून यायला निघाले.  नावेचा काठ घट्ट धरून काकू एकटक काकांकडे पाहून राहिल्या होत्या. मग त्यांनी एक हात सोडला, कमरेची पिशवी काढली, तीत हात घातला आणि दाभण बाहेर काढला. मंडपवाल्याच्या बायकोच्या कमरेला दाभण आणि सुतळी नाही, असा दिवस नसतो.

"खाली घ्या ते," त्या म्हणाल्या.

काकांना कळेना. "का?"

"कापड खाली घ्या म्हनलं! आयकू येत नाई का? अन् मामा, तुमी तिथंच थांबा. ढकलाचं नाई. अट म्हनजे अट."

आणि भर तलावात, पाण्याकडे न पाहता, काकू शीड शिवायला बसल्या. एकेक काप. हात चालू आणि तोंडही चालू. "अक्कल शिवून ठेवली का कोठं? सरप्राइज म्हने! एक येळ दाखवलं असतं तं मेले असते का? माझ्या भावाच्या लग्नातही असंच केलं होतं, खांब उलटे गाडले. करुना, इकडून धर. ओढू नोको, धर. अन् तुमी काऊन पाहून राहिले तोंडाकडे? सुतळी द्या!" काका मुकाट्यानं सुतळी देत होते. मी कापड ताणून धरलं होतं. माझी बोटं दुखायला लागली, पण बोलायची हिंमत कोणात होती?

पाळीवरची माणसं कंटाळून पांगायला लागली. भज्याची गाडी गेली. मला वाऱ्याची धास्ती, तो मंदावून राहिला होता. काका सारखं बोट ओलं करून पाहायचे आणि काकू हातावर चापट मारायच्या, "तो आहे तिथंच आहे. तुमी इकडं पाहा."

शेवटचा काप मिटला तेव्हा ऊन कललं होतं. काकूंनी सुतळी दातानं तोडली आणि म्हणाल्या, "हं. ओढा."

शीड वर गेलं. काही नाही. नुसतं लोंबत राहिलं. काका डोळे मिटून उभे. मी मनातल्या मनात वाऱ्याला, काय सांगू, हात जोडले. आणि मग कापडाला हळूच पोट आलं, दोऱ्या करकरल्या, आणि नाव निघाली. फुर्र नाही, फुसफुस नाही. नुसतं पुढं पाण्याचं कापणं. करुणा ओरडत होती, मी ओरडत होते, ढीवर मामा बाजूनं ओरडत होते. काकू दोन्ही हातांनी नाव धरून गच्च डोळे मिटून बसल्या होत्या. काका रडून राहिले होते, उघड उघड, नाकबिक गळत. पलीकडच्या काठाला आम्ही बेशरमाच्या झुडपांत जाऊन असे घुसलो की बल्ली मोडली. नाव थांबवायची कशी, हे कोणी शिकलंच नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. आजही कधीमधी फोन येतो. खाडीतली मराठी काकांना कळत नाही आणि काकांची तिथल्यांना. मचव्यावरच्या सगळ्या वस्तू बांधलेल्या आहेत म्हणे, त्यामुळे पहिल्या वादळात एक चमचाही पडला नाही. काकू उन्हाळ्यात पाहुण्यांना चिखलातल्या खेकड्यांची भाजी करून घालतात आणि वर झणझणीत शिव्याही, भिजत्या पायांनी वर आले तर.

पण मला जे विचारायचं होतं, ते मी गोंदियाच्या फलाटावरच विचारून घेतलं. कोल्हापूरची गाडी लागलेली. काका आत गुडघ्यांवर बसून ट्रंका बाकाला बांधत होते, तिकीट तपासनीस त्यांना ओलांडून जायची खटपट करत होता, आणि काकू खिडकीशी.

"काकू," मी म्हटलं, "खरं सांगा. त्या दिवशी नुसतं बसून राहिल्या असत्या तरी तुम्ही जिंकल्या होत्या. मग दाभण कायले काढला?"

काकूंनी आत वळून काकांकडे पाहिलं. ते एका गाठीवर खूश होऊन दुसरी मारत होते.

"जिंकली तं होतीच मी, मॅडम. पन ते तोंड पाह्यलं ना तुमी, हारल्यावरचं?" गाडी हलली, मी खिडकीबरोबर चालू लागले, आणि काकू गजातून ओरडून म्हणाल्या, "ते तोंड घेऊन मले घरी जा लागलं असतं! रोज सकारी त्याच तोंडाले चहा द्या लागला असता! त्याच्यापेक्षा समुद्र बरा!"